टॉगल हातप्रेस: दांड्याचा फायदा आणि रॅमचा खरा जोर मोजायचा कसा?

मिरकरवाडा_फिटर

नमस्कार मंडळी. मिरकरवाडा बंदराजवळच्या वर्कशॉपसाठी जुना टॉगल हातप्रेस घेतला आहे. बिडाची सी-फ्रेम, दोन पट्ट्यांची जोडणी (हाच टॉगल: पट्ट्या सरळ होत जातात तसा खालचा दांडा, म्हणजे रॅम, खाली दाबला जातो), हँडल थेट वरच्या पट्टीला पक्कं. विकणाऱ्याने ‘२ टनी’ म्हणून दिला, पण प्लेटवरची अक्षरं गंजून गेली आहेत.

मापं अशी: वरच्या पिनपासून मूठ धरतो तिथपर्यंत हँडल ४५० मिमी. दोन्ही पट्ट्या पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत ६० मिमी. तिन्ही पिना १६ मिमी व्यासाच्या.

काम मुख्यतः विंचचे (दोर ओढायच्या यंत्राचे) गनमेटलचे, म्हणजे काशाच्या जातीच्या धातूचे, कॉलरवाले बुश (एका टोकाला कडा असलेली नळी) बसवायचं. बुशाचा बाहेरचा व्यास ३०, आतला २४, लांबी २५ मिमी, घर, म्हणजे बुश ज्याच्या भोकात बसतो तो भाग, बिडाचं, बाहेरून ६० मिमी. आवळ, म्हणजे भोकापेक्षा बुश जितका जाड तेवढा फरक, ०.०३ मिमी ठेवतो. बुश पूर्ण बसतो तेव्हा पट्ट्या जवळजवळ सरळ रेषेत आलेल्या असतात.

अडचण ही की बुश ७-८ मिमी बाहेर असतानाच हँडल जड होऊन थांबतं. पाईप लावून रेटलं की एकदम सरकतं आणि धाडकन खाली बसतं. मधली पिन एकदा वाकली आहे. प्रेस खरंच २ टनी आहे का? दांड्याचा फायदा, म्हणजे मुठीवरचा जोर रॅमवर किती पट होतो, तो जागोजागी किती मिळतो आणि रॅमवर प्रत्यक्ष किती किलो येतात, हे महागड्या यंत्राशिवाय कसं मोजायचं? १ जूनला मासेमारीबंदी लागली की होड्या वर येतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत हेच काम चालतं, त्याआधी प्रेस नीट करायचा आहे.

कुडाळ_टूलरूम

दादा, आधी एक गोष्ट पक्की करा. दांतेपट्टी आणि पिनियनच्या प्रेसला एकच आकडा असतो. समजा पिनियन (लहान दातेरी चाक) ३ मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप), १२ दातांचं, म्हणजे पिच त्रिज्या १८ मिमी आणि हँडल ४५०, तर फायदा २५ पट, वरपासून खालपर्यंत तोच. टॉगलला असा एक आकडा नसतो. हँडल जसं खाली येईल तसा तो बदलत जातो, म्हणून प्रत्येक जागेला वेगळा मोजावा लागतो. परदेशात काडतुसं पुन्हा भरायला जे हातप्रेस वापरतात त्यांच्यातही हीच जोडणी असते आणि त्यांची मोजणीही अशीच होते.

मोजायचं ते एवढंच: मूठ किती मिमी फिरली आणि तेवढ्यात रॅम किती मिमी उतरला. पहिल्याला दुसऱ्याने भागा.

बेडवर मॅग्नेटिक बेस ठेवून डायल गेजचं (बारीक सरक मोजणाऱ्या काट्याच्या मापकाचं) टोक रॅमच्या खालच्या तोंडावर लावा. गेज रॅमशी समांतर उभा हवा, तिरका लागला तर वाचन मुळातच चुकतं. हँडलचा कोन मोबाईलमधल्या अँगल मीटरवर मोजू नका. तो ०.१ अंशाला चुकला तरी १ अंशाच्या टप्प्यात १० टक्के गेले. त्यापेक्षा हँडलला वेल्डिंग रॉडचा काटा बांधून त्याचं टोक पिनपासून बरोबर ९०० मिमीवर आणा, मागे प्लायवूड उभं करा आणि टोकाने कंस काढा. त्या कंसावर १ अंश म्हणजे १५.७ मिमी. पेन्सिलीची खूण अर्धा मिमी हलली तरी चूक ३ टक्क्यांच्या आसपास राहते. मुठीपाशी, म्हणजे ४५० मिमीवर, १ अंश म्हणजे ७.८५ मिमी. भागाकारात हा आकडा घ्यायचा.

रॅमखाली कडक रबराचा तुकडा ठेवूनच मोजा. रिकाम्या रॅममध्ये पिनांची ढिलाई आधी भरून निघते, हँडल हलतं पण रॅम हलत नाही, आणि फायदा उगाच मोठा दिसतो. हँडल एकाच दिशेने, खालीच, आणत न्या. खूण चुकून पुढे गेली तर मागे घेऊ नका, पूर्ण वर नेऊन पुन्हा सुरुवात करा.

पट्ट्या सरळ रेषेत येतात ती जागा शून्य अंश धरली तर तुमच्या मापांवरून गणिताने असं यायला हवं:

३० वरून २९ अंशांवर येताना रॅम १.०३ मिमी उतरतो, फायदा ७.६ पट.
२० वरून १९: ०.७० मिमी, ११ पट.
१० वरून ९: ०.३५ मिमी, साधारण २२ पट.
५ वरून ४: ०.१६ मिमी, ४८ पट.
२ वरून १: ०.०५५ मिमी, १४३ पट.

शेवटच्या ओळीवर साध्या डायल गेजचा भरवसा नाही. ०.०१ मिमीचा गेज एक घर चुकला की १८ टक्के फरक पडतो. ५ अंशांच्या खाली सूत्रच वापरा: हँडलची लांबी भागिले, दोन्ही पट्ट्यांची मिळून लांबी गुणिले त्या कोनाचा साईन. तुमच्यासाठी ४५० भागिले १२० साईन. वरच्या चार जागांवर मोजलेलं आणि सूत्राचं जुळलं तर खालीही सूत्र खरं धरायला हरकत नाही. जुळलं नाही तर शून्याची खूण चुकली आहे. ती शोधायला रॅम सगळ्यात खाली जाऊन परत वर यायला लागतो ती जागा गेजवर पाहा.

तरफ_आणि_टेकू

कुडाळच्या दादांनी दिला तो भूमितीचा फायदा. रॅमवर येतो तो त्यातून घर्षण वजा जाता. टॉगलमध्ये ही वजाबाकी कुठेही सारखी नसते आणि ‘२ टन’चा प्रश्न तिथेच सुटतो.

हँडल १ अंश फिरलं की वरची पिन १ अंश घासते, मधली २ अंश, खालची १ अंश. म्हणजे चार वाटे. प्रत्येक वाट्याला घर्षणांक गुणिले पिनची त्रिज्या एवढा अडथळा. तुमची त्रिज्या ८ मिमी. घर्षणांक ०.१५ धरला तर ४ गुणिले ०.१५ गुणिले ८ म्हणजे ४.८ मिमी. हे ४.८ सूत्रात खाली मिळवायचे: ४५० भागिले (१२० साईन अधिक ४.८).

१० अंशांवर साईनचा भाग २०.८ मिमी आहे. त्यात ४.८ मिळवले तर फायदा २१.६ वरून १७.५ वर येतो. ३ अंशांवर साईनचा भाग ६.३ एवढाच उरतो, तिथे ७१ चे ४० होतात. १ अंशावर २१५ चे ६५. बरोबर शून्यावर भूमिती म्हणते अनंत, प्रत्यक्षात ४५० भागिले ४.८ म्हणजे ९४ पटीच्या पुढे हा प्रेस जाऊच शकत नाही. पिनेवर गंज चढला की ही मर्यादा आणखी खाली येते. आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात पिना किती खडबडीत होतात ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

आता तुमचा बुश ७-८ मिमीवरच का अडतो ते पाहा. या आवळाला घर आणि बुशामधला दाब साधारण १८ न्यूटन प्रति चौरस मिमी येतो. कोरड्या धातूचा घर्षणांक ०.१५ धरला तर पूर्ण २५ मिमी लांबीला रॅमवर सुमारे ६४५ किलो लागतील. बुश जसा आत जातो तशी घासणारी लांबी वाढते, म्हणून हा जोर शून्यापासून सरळ चढत जातो. दुसरीकडे दांड्याचा फायदाही चढतो, पण आधी हळू आणि शेवटी झपकन. घर्षण धरून मुठीवर लागणारी ओढ काढली तर:

२० मिमी बाकी: २० किलो.
१५ मिमी बाकी: ३६ किलो.
१० मिमी बाकी: ४५ किलो.
७-८ मिमी बाकी: ४७ किलो, सगळ्यात जास्त.
५ मिमी बाकी: ४५ किलो.
३.५ मिमी बाकी: ४१ किलो.

म्हणजे तुमचा बुश वाकडा जात नाही, घरही खराब नाही. या दांड्याची आणि या बुशाची सगळ्यात अवघड गाठ तिथेच पडते. एका माणसाने सतत ४७ किलो ओढणं जमत नाही, म्हणून हात थांबतो.

हर्णै_गॅरेज

पाईप आजपासून बंद करा, ही कळकळीची विनंती. पिन का वाकली ते वरच्या आकड्यांतच आहे. समजा ९०० मिमीचा पाईप आणि ३० किलोची ओढ. २० अंशांवर त्यातून ६०० किलो मिळतात, बुशाला पुरेसे. पण अडकलेला बुश सुटला की हात थांबत नाही, हँडल तसंच खाली जातं, कॉलर घरावर टेकते, आणि २ अंशांवर तीच ओढ तीन टनाच्या जवळ पोहोचते. तुम्ही ‘धाडकन’ म्हणता तो आवाज त्याचा. पिन वाकली हे एका अर्थी बरं झालं. बीड आधी वाकत नाही, सरळ तुटतं, आणि समोर उभ्या माणसाच्या अंगावर येतं. फ्रेमच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे सी वळतो तिथे, रंग खरवडून रॉकेलने पुसा आणि वर खडूची पूड मारा. बारीक चीर असेल तर रॉकेल पाझरून खडूवर काळी रेघ उमटते. रेघ दिसली तर तो प्रेस वापरू नका, वेल्डिंगही करू नका.

जोर मोजायला दोन गोष्टी लागतात, मुठीवर एक आणि रॅमखाली एक.

मुठीवर ५० किलोचा लटकवायचा डिजिटल काटा चालतो, सामान तोलतात तो. हुक बरोबर ४५० मिमीच्या खुणेवर, आणि ओढ हँडलला काटकोनात. हँडल फिरतं तशी तुमची जागाही बदलली पाहिजे. ओढ २० अंश तिरकी झाली तर ६ टक्के जातात, ३० अंशांना १३ टक्के. हळू, एकसारखं ओढा आणि हँडल सरकत असतानाचं वाचन घ्या. सुटतानाचा झटका नेहमी जास्त दाखवतो. हँडलचं स्वतःचं वजनही धरा. २ किलोचं सरळ हँडल आडवं असताना मुठीपाशी १ किलोचं काम फुकटात करतं.

रॅमखाली २ टनी बटण लोडसेल (भार मोजणारा चपटा सेन्सर) आणि त्याचा डिस्प्ले मिळाला तर उत्तम. आधी वजनकाट्यावर तोललेली सिमेंटची गोणी फळीवरून त्याच्यावर ठेवून पाहा, ५० च्या आसपास दाखवायला हवं. नसेल तर तेलाचा सिलिंडर करा: ४० मिमी बोअरचा जुना हायड्रॉलिक सिलिंडर, पिस्टन वर, तळाच्या भोकाला थेट प्रेशर गेज. मध्ये रबरी पाईप नको. क्षेत्रफळ १२.५७ चौरस सेमी, म्हणजे गेजवर ८० किलो प्रति चौरस सेमी दिसले की रॅमवर १ टन. २५० पर्यंतचा गेज घ्या. तेल भरताना हवा पूर्ण काढा, नाहीतर पिस्टन स्पंजासारखा दबत राहतो आणि तुम्हाला हवा तो कोन धरताच येत नाही. सीलही घासतं, त्यामुळे दाब चढताना आणि उतरताना वाचन वेगळं येतं. त्याच जागी दोन्ही घेऊन सरासरी काढा. मोजताना सांध्याच्या रेषेत हात किंवा तोंड नको. बारीक फटीतून सुटलेली तेलाची धार कातडीत घुसते.

सगळ्यात महत्त्वाचं: सेल किंवा सिलिंडर कितीही उंचीवर ठेवून दाबला तर आलेला आकडा कामाचा नाही. खाली जाड पट्ट्या आणि शिमा (पातळ पत्र्याचे तुकडे) रचून असं करा की तुम्हाला हवा त्या कोनावर, २०, १०, ५ अंशांवर, भार येईल. प्रत्येक कोनाला उंची वेगळी लागेल. वेळखाऊ आहे, पण त्यावाचून टॉगल मोजल्यासारखं होत नाही.

मिरकरवाडा_फिटर

सगळ्यांचे मनापासून आभार. खडूची परीक्षा केली, फ्रेम स्वच्छ आहे. मधली पिन नवी टाकली, बाकी दोन जुन्याच. लोडसेल उसना मिळाला. मुठीवर २० किलो ठेवून, हँडलचं वजन धरून, रॅमवर आलेलं वाचन: २० अंशांवर १९० किलो, १० वर ३३५, ५ वर ५४५. मग तिन्ही पिना काढून गंज पॉलिश पेपरने उतरवला, ग्रीस भरलं. आता २००, ३७० आणि ६४०. बरोबर वाटतं का?

तरफ_आणि_टेकू

बरोबर आहे, आणि तपासायची सोपी रीत आहे. ४५० गुणिले २० म्हणजे ९०००. त्याला वाचनाने भागा आणि साईनचा भाग वजा करा, म्हणजे घर्षणाचे मिमी उरतात. ग्रीसच्या आधी: ४७.४ वजा ४१.० म्हणजे ६.४, २६.९ वजा २०.८ म्हणजे ६.१, १६.५ वजा १०.५ म्हणजे ६.०. तिन्ही जागी जवळपास तेच आलं म्हणजे कोन, ओढ आणि सेल तिन्ही भरवशाचे. ग्रीसनंतर ४.०, ३.५ आणि ३.६. घर्षणांक ०.१९ वरून ०.११ वर आला. एका जागी वेगळाच आकडा आला असता तर त्या जागेचा कोन पुन्हा मोजायला सांगितला असता.

२० अंशांवर १० किलोचाच फरक दिसतो, ५ वर ९५ चा. ग्रीसचा उपयोग खालीच का जाणवतो ते यावरून कळेल.

आता २ टन. मुठीवर २५ किलो धरा. ग्रीसच्या आधी शून्यावरसुद्धा ४५० भागिले ६ म्हणजे ७५ पट, १८७५ किलो. २ टन होतच नव्हते. आता होतात, पण १ अंशाच्या आत गेल्यावर, जिथे रॅमची जेमतेम ०.०२ मिमी चाल उरलेली असते. विकणारा खोटं बोलला असं म्हणणार नाही, पण त्या आकड्याने बुश बसत नाही. तुमच्या कामाला प्रेस असा लिहून ठेवा: २५ किलो ओढीला २० अंशांवर २५० किलो, १० वर ४६०, ५ वर ८००.

लोडसेल परत करण्याआधी अजून एक मोजून घ्या. सेलवर ५०० किलो आणा आणि फ्रेमचा जबडा किती उघडतो ते पाहा. डायल गेज बेडवर, टोक फ्रेमच्या डोक्याला, रॅमला नाही.

मिरकरवाडा_फिटर

५०० किलोला ०.१२ मिमी. दोनदा मोजलं, तेवढंच.

हर्णै_गॅरेज

हा आकडा जपून ठेवा, पाईपवर लगाम घालायला तोच कामी येईल. त्याआधी ४७ किलोचं बघू.

बुशाला आणि घराला पातळ तेल लावून बसवा. घर्षणांक ०.१० च्या आसपास आला की पूर्ण जोर ६४५ ऐवजी ४३० किलो, आणि अवघड जागेवर मुठीची ओढ ३० किलो. घराच्या तोंडाला चॅम्फर (तिरकी कापलेली कड) नसेल तर तेल खरवडून निघतं, तो आधी करा. पिनांना पाण्याने न धुपणारं कॅल्शियम ग्रीस, पावसाळ्यात दर आठवड्याला.

बंदरावर बर्फाची टंचाई नाही, तोही वापरा. फोडलेल्या बर्फात जाडं मीठ कालवलं तर उणे १५ अंशांपर्यंत सहज उतरतं. ३० अंश तापमानाचा गनमेटल बुश तिथवर गार झाला की व्यास साधारण ०.०२४ मिमी कमी होतो, म्हणजे ०.०३ चा आवळ जवळजवळ संपला. बुश प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून अर्धा तास ठेवा. उघडा टाकलात तर खारं पाणी घरात जाईल आणि बीड आतून सडेल. बाहेर काढल्याबरोबर आपल्या दमट हवेत त्यावर दव धरतं, कोरड्या फडक्याने पुसून लगेच तेल लावा आणि अर्ध्या मिनिटात दाबा. थांबलात तर बुश घरातच गरम होऊन मध्ये अडकतो. बसवल्यावर आतलं भोक आवळतं, शेवटचं रीमिंग (भोक नेमक्या मापाला आणणं) नंतरच.

आता फ्रेम. ५०० ला ०.१२, म्हणजे १ मिमीला साधारण ४.२ टन. प्रेस शून्यावर पोहोचल्यावर जोर हातावर अवलंबून राहत नाही, फ्रेम किती ताणली गेली त्यावर ठरतो. म्हणून असं लावा: बुश आधीच पूर्ण बसलेला एक नमुना बेडवर ठेवा, हँडल शून्यावर आणून तिथेच धरा, आणि नमुन्याखाली शिमा भरत जा, कॉलर रॅमला नुसती टेकेपर्यंत. फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) ०.०३ चं पान आत जाता कामा नये. मग हँडल वर घ्या आणि ०.२० मिमीची शिम आणखी सरकवा. आता कोणी कसंही ओढलं तरी रॅम सव्वाआठशे किलोच्या पुढे दाबू शकत नाही, आणि कोरडा बुशसुद्धा ६४५ मध्ये बसतो. बुशाची कॉलर जाड-पातळ असेल तर हे गणित तेवढ्याने हलतं, तेव्हा लेथवरून येणाऱ्या प्रत्येक लॉटची कॉलर मायक्रोमीटरने मोजा. फरक ०.०५ च्या वर गेला तर शिम बदला.

कुडाळ_टूलरूम

शिमा पितळेच्या घ्या, लोखंडी शिम पावसाळ्यात गंजून फुगते. आणि हँडल बदलायचं असेल तर पाईपऐवजी ७०० मिमीचं पक्कं हँडल करा, पण वरच्या हिशोबाची शिम लावल्यानंतरच.